माझ्या अस्तरातले फुकटे प्रवासी

मित्रांनो, जवळ या, हात लावून बघा, पण मला 'डबडं' तेवढं म्हणू नका. मी एक जुनी प्रवासी बॅग आहे. रंग डाळिंबी, चाकं चार, त्यातलं एक किरकिरं. आता रंग विटलाय, एक कोपरा वाफेनं वाकडा झालाय. तरी ठासून सांगते, या अख्ख्या इमारतीत माझ्याइतकं फिरलेलं कुणी नाही. माणूससुद्धा नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझं अस्तर शिवणारी बाई तिथली सगळ्यात जुनी कारागीर होती. तिनं मला दुहेरी शिवण घातली, काठाला गोल गोट लावला आणि पोटात अकरा कप्पे केले. त्यातला एक इतका आत आहे, की तो माझ्या मालकांना आजपर्यंत सापडलेला नाही. त्या गोटाचा मला भारी अभिमान. पुढं त्याच गोटानं माझं नाक कापलं. ते सांगतेच.

माझे मालक पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत मोठे साहेब. महिन्यातले पंधरा दिवस ते बाहेर. विमानतळावर माझ्या दांड्याला जी कागदी पट्टी लावतात, ती त्यांनी कधी म्हणजे कधी काढली नाही. पट्ट्या साठून साठून माझ्या दांड्याला झुपका आला होता. घर पहिल्याच मजल्यावर, इमारतीला लिफ्टही आहे. पण परत आले की मालक मला जिन्यानंच चढवायचे आणि अर्ध्या जिन्यात दम खायला थांबायचे. कुणीतरी विचारेपर्यंत तो दम संपायचा नाही.

"कुठून आलात साहेब?"

"काही नाही हो, हे आपलं, जरा समुद्रापलीकडून."

मग हळूहळू मला मागण्या येऊ लागल्या. दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले काका सहकुटुंब सहलीला निघाले, मला घेऊन गेले. तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी, म्हणजे इमारतीचा कारभार बघणारे, लेकीकडे निघाले, मला घेऊन गेले. मालक प्रत्येकाला बजावायचे, "सांभाळून हं. ही तुमच्यापेक्षा जास्त फिरलीय." आमच्या वहिनी, म्हणजे मालकांच्या पत्नी, वैतागून म्हणायच्या, "ही बॅग आहे की वाचनालयातलं पुस्तक?" मी आपली गालातल्या गालात हसायचे. इतकी मागणी कुणाला असते, सांगा!

आणि मग ते हॉटेल आलं. दारात काचेचं झुंबर, लिफ्टमध्ये आरसे, पलंगावर सहा उश्या. मालकांनी बूट काढायच्याही आधी मला पलंगावर टाकलं आणि ते अंघोळीला गेले. तेवढ्यात उशीमागच्या फळीतून एक चपटी, तांबूस बाई बाहेर आली. मसुराच्या दाण्याएवढी.

"जागा आहे का हो?" तिनं विचारलं.

"इथं कुणाच्या ओळखीच्या तुम्ही?" मी ताठ्यात म्हणाले.

"सगळ्यांच्याच. या खोलीत जो उतरतो, त्याच्याकडेच आमचं जेवण असतं."

मी दचकले. "म्हणजे ढेकूण? अहो, पण तुम्ही तर संपला होतात! मालकांच्या आई सांगायच्या, पूर्वी खाटा उन्हात टाकायचे, फटींत उकळतं पाणी ओतायचे, मग औषध निघालं आणि तुम्ही गेलात."

"गेलो होतो की. पण सगळे नाही गेलो." ढेकूणबाई ऐटीत माझ्या कडेवर बसल्या. "औषध पचवून जे उरले, त्यांची आम्ही पोरं. आता तेच औषध मारतात, तर आमची पोरं त्यात न्हाऊन निघतात. आणि खाटा उन्हात नेतो कोण आता? तुमचे पलंग म्हणजे भिंतीला जखडलेली खोकी. जिकडे बघावं तिकडे फटच फट! शिवाय लोक आम्हाला ओळखतच नाहीत. परवाच्या पाहुण्यानं मला चिमटीत धरलं, निरखून बघितलं आणि कसलं तरी बी समजून कुंडीत टाकलं. पूर्वी या घरातून त्या घरात जायला आमचा जन्म जायचा. आता सकाळी इथं, तर संध्याकाळी समुद्रापलीकडं. तुम्ही माणसं फिरता हो किती!"

मी तिला हाकलणारच होते. खरंच सांगते. पण तेवढ्यात ती म्हणाली, "काय सुंदर गोट आहे हो तुमचा! कुणी शिवलाय?"

मित्रांनो, तिथंच मी फसले. झुपक्याचं कौतुक सगळे करायचे, गोटाचं आजवर कुणीही केलं नव्हतं. मी म्हटलं, "या ना, आतून बघा."

ढेकूणबाई आत आल्या. एकट्याच होत्या, पण पोटात अंडी होती.

घरी आल्यावर मालकांनी मला सवयीप्रमाणे पलंगावर टाकलं. काही पोरं तिथं उतरली, बाकीची गोटातच राहिली. पुढच्या मागणीला मी काकांकडे गेले, त्याच्या पुढच्या मागणीला सेक्रेटरींकडे. प्रत्येक घरी पलंगावरच माझं आसन. प्रत्येक घरी थोडे प्रवासी उतरले.

महिना-दीड महिन्यात वहिनींच्या हातावर ओळीनं तीन-तीन गांध्या उठायला लागल्या. "अहो, हे ढेकूण तर नसतील?" त्यांनी विचारलं. मालक केवढ्यानं तरी ओरडले, "आपल्याकडे? आपण काय असेतसे लोक आहोत? ॲलर्जी आहे ती!" काकांकडे त्याला 'डास' म्हणायचे आणि सेक्रेटरींकडे 'उष्णता'. तिन्ही घरं एकाच दुकानातून एकच मलम आणत होती आणि जिन्यात भेटली की पिशव्या पाठीमागे धरत होती.

मालकांनी गुपचूप फवारा आणला. तोंडाला फडकंही न बांधता पलंगाखाली शिरून अर्धा डबा मारला. ढेकूण आरामात पलंगातून निघून दिवाणखान्यातल्या सोफ्यात गेले. मालकांचा आवाज मात्र चार दिवस गेला. त्या चिरक्या आवाजात त्यांनी फोनवर पंप विकायला घेतला, तर समोरचा म्हणाला, "बाळ, घरात मोठं कुणी आहे का?"

काकांनी त्याहून मोठा पराक्रम केला. भल्या पहाटे आपली फुलाफुलांची गादी डोक्यावर घेऊन ते कचऱ्याच्या पिंपाशी गेले, ती टाकली आणि पळत आले. सात वाजता सेक्रेटरी फिरायला निघाले. चांगली जाड गादी बघून ते हरखले. इकडे तिकडे बघितलं आणि उचलून घरी आणली. आपल्याकडचे ढेकूण कमी पडत होते म्हणून की काय!

आता मावशींबद्दल सांगते. मावशी या इमारतीत बारा वर्षं चार घरची धुणीभांडी आणि झाडलोट करायच्या. ही तीन घरं आणि चौथं तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचं. प्रवासाहून आल्यावर माझी चाकं पुसणाऱ्या त्या एकट्याच. "रस्त्यावरची घाण घेऊन पलंगावर काय बसतेस गं?" असं म्हणून त्या मला खाली उतरवायच्या. मला राग यायचा तेव्हा.

एका रविवारी सकाळी सेक्रेटरींनी सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. मी तेव्हा तिथंच मुक्कामाला होते, कोपऱ्यात उभी. "बसा काका, नवीन बैठक केलीय," सेक्रेटरी म्हणाले आणि काकांपुढं ती फुलाफुलांची गादी आली. काका तिच्या अगदी काठावर टेकले, तापल्या तव्यावर बसावं तसे.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर... ते... झालेत. आणि तिन्ही घरांत रोज जाणारी व्यक्ती एकच." त्यांनी फाटकावर लावायचा कागद वाचून दाखवला. इमारतीत ढेकूण आणल्याबद्दल कामाच्या मावशींना आजपासून प्रवेश बंद, असं त्यात ठळक लिहिलं होतं. मालकांनी मान डोलावली. वहिनी खाली बघत बसल्या.

मावशी आत भांडी घासत होत्या. हात पुसत बाहेर आल्या.

"परत वाचा की. मला नीट ऐकू आलं नाही."

सेक्रेटरींनी परत वाचलं, पण या वेळी आवाज निम्मा झाला होता.

"काम गेलं तर दुसरं बघेन मी," मावशी म्हणाल्या. "पण हा कागद फाटकावर लागला, तर या गल्लीत मला कोण दारात उभं करेल? ढेकूणवाली म्हणून पोरं मागं लागतील माझ्या. मास्तर, तुमच्याकडे किती वर्षं येते मी?"

"बारा," मास्तर म्हणाले.

"तुमची गादी कोण झटकतं?"

"तुम्हीच."

"ढेकूण?"

"एकही नाही."

"मग मी तीन घरी ढेकूण वाटत फिरते आणि मास्तरांकडेच द्यायला विसरते होय?"

सेक्रेटरींनी हातातला कागद उलटसुलट करून बघितला.

"या तिन्ही घरांत माझ्याशिवाय आणखी एक जण जाऊन आलंय," मावशी म्हणाल्या. "मास्तर कुठं जात नाहीत, म्हणून त्यांच्याकडे ते गेलं नाही." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मालक ताडकन उठले. "मावशी, तोंड सांभाळा! चांगल्या चांगल्या हॉटेलांत राहून आलीय ही!"

"तुमचं कार्ड आहे का साहेब?"

कार्ड मागितलं की मालक कितीही रागात असले तरी देतातच. त्यांनी खिशातून काढून दिलं. मावशींनी मला आडवं केलं, चेन उघडली, सेक्रेटरींच्या हातातला कागद घेऊन माझ्याखाली पसरला आणि कार्डाची कड माझ्या गोटात घातली.

मित्रांनो, त्या क्षणी काय झालं ते फक्त मलाच ठाऊक आहे. माझी शिवण घट्ट होती. मी गोट आवळून धरला असता, तर कार्ड वरच्या वर सरकलं असतं. माझी अब्रू राहिली असती. मावशींची गेली असती. जिनं आयुष्यभर माझी चाकं पुसली, तिची. मी जन्मात पहिल्यांदा टाका सैल सोडला.

टप. टप. टप. ढेकूणबाई, त्यांच्या लेकी, नाती, पणत्या, सगळा गोतावळा त्या कागदावर पडला. बरोबर काळे ठिपके आणि पांढरी अंडी.

सगळ्यांनी पाय वर घेतले. सेक्रेटरींच्या पत्नी किंचाळून फुलाफुलांच्या गादीवर चढल्या. काका ओरडले, "तिथं नको! तिथं तर ढीगभर आहेत!"

"तुम्हाला कसं माहीत?" सेक्रेटरींनी विचारलं.

काकांचा चेहरा पडला. "गादी माझीच आहे," ते पुटपुटले.

"हे... हे हॉटेलातले असतील," मालक म्हणाले.

"असतीलच. चांगल्या चांगल्या हॉटेलातले," मावशी म्हणाल्या. "तब्येती बघा की त्यांच्या!"

मास्तर इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चप्पल घातली. "उद्या यायचं की नाही, ते आता मी ठरवणार," एवढं बोलून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मालक, काका आणि सेक्रेटरी त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. वहिनींनी नंतर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सगळं सांगितलं, ते मी ऐकलंय. मालकांनी आधी पंप विकायच्या आवाजात माफी मागितली. मावशींनी नुसतं बघितलं. मग मालकांनी माणसाच्या आवाजात मागितली. मावशींची अट एकच होती. कागद लागेल, पण नवा, आणि तो साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहायचा. 'ढेकूण माझ्या बॅगेतून आले. मावशींचा काही दोष नाही.' तो लागला, तेव्हाच मावशी परत यायला लागल्या. महिनाभर तो फाटकावर होता. गल्लीतले लोक थांबून थांबून वाचायचे.

मग फवारणीवाला आला. त्यानं सगळी घरं एकाच दिवशी घेतली, कपडे कढत पाण्यात धुवायला लावले, फटीफटींत वाफ सोडली आणि पंधरा दिवसांनी परत येऊन पुन्हा तपासलं. "एकेकट्यानं लपून औषध मारलं, की ते फक्त खोली बदलतात," तो म्हणाला. मालक मला कचऱ्यावर टाकायला निघाले, तर त्यानं हात धरला. "तशीच टाकू नका. कुणीतरी उचलून नेईल." सेक्रेटरी छताकडे बघू लागले.

मलाही वाफ दिली. फार भाजलं. रंग उतरला, कोपरा वाकला, झुपका कापला गेला. पण गोटात आता कुणी नाही. मालकांना मी नकोशी झाले, म्हणून आता मी मास्तरांच्या ओसरीत असते. आजूबाजूच्या इमारतींतून लोक मावशींना मानानं बोलावतात, "ताई, आमचंही घर जरा बघून जा." मावशी मला बरोबर नेतात आणि उघडून शिकवतात, "ही शिवण. हा गोट. इथं बघायचं, असं कार्ड फिरवायचं." लोक वाकून वाकून माझा गोट बघतात. खोटं कशाला बोलू, माझी मान अजूनही ताठ होते.

मित्रांनो, प्रवासाहून आलात की बॅग पलंगावर टाकू नका. आधी न्हाणीघराच्या फरशीवर उघडा, शिवणी तपासा, कपडे धुवायला काढा. रस्त्यावरची गादी किंवा सोफा दिसला म्हणून घरी आणू नका. आणि एवढं करूनही ढेकूण निघालाच, तर लाजू नका. तो गरीब-श्रीमंत बघत नाही, त्याला फक्त फट लागते. शेजाऱ्यांना सांगा, सगळे मिळून उपाय करा. पण ज्याचं तोंड दाबणं सोपं, त्याच्या माथी मारू नका.

कालच मालक नवी कोरी बॅग घेऊन परदेशातून आले. मावशींनी दारातच हात आडवा केला. मालक निमूटपणे कोट-बुटासकट न्हाणीघरात गेले. अर्ध्या तासानं त्यांनी खिडकीतून अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "काही नाही सापडलं हो!"

वरून काका ओरडले, "आतला कप्पा बघितलात का?"

"कुठला आतला कप्पा?" मालकांनी विचारलं, आणि मावशी पदर खोचून आत गेल्या.