शून्याची तार

अडतीस वर्षं विजेचं काम केलेल्या नवऱ्याला वीज शिकवायची पाळी कोणावर येऊ नये. माझ्यावर आली. मी पडदे शिवणारी बाई. तीन आठवडे रोज दुपारी स्वयंपाकघरात बसून मी गेरार्डला परवान्याच्या पुस्तकातले प्रश्न विचारत होते, आणि तो माझ्याकडे असा बघायचा की ते पुस्तक जणू मीच लिहिलंय.

आमच्याकडे वायरमनला दर पाच वर्षांनी परीक्षा देऊन परवाना नवा करून घ्यावा लागतो. याने 'उद्या जातो, परवा जातो' करत मुदत घालवली. मार्चमध्ये तो कामाला आहे त्या बेकरीत नवा सुरक्षा अधिकारी आला, त्याने पहिल्याच दिवशी कागद मागितला, आणि तेव्हापासून हा माणूस पावाचे ट्रे उचलतोय. मालकाने स्पष्टच सांगितलं, गुरुवारी पास झालात तर विजेच्या बोर्डाला हात लावा, नाहीतर एक तारखेपासून दुसरा माणूस येईल. पेन्शनला तीन वर्षं बाकी होती. बासष्टाव्या वर्षी याला दुसरं कोण कामावर घेणार होतं?

"दुरुस्तीआधीच्या पाच पायऱ्या सांग," मी म्हणायची.

"मेन बंद करायचा."

"मग?"

"मग याद्विगाला ओरडून सांगायचं, कोणाला हात लावू देऊ नकोस म्हणून."

याद्विगा बेकरीत कणीक मळायच्या यंत्रावर असते.

"पुस्तकात याद्विगा कुठे आहे? कुलूप लावायचं आणि पाटी अडकवायची."

"कुलूप वेळेवर सापडत नाही. याद्विगा सापडते."

"तिसरी पायरी?"

"करंट नाही ना, ते बघायचं."

"कशाने?"

"बोटाच्या मागच्या बाजूने."

"टेस्टरने, गेरार्ड. टेस्टरने म्हण."

"टेस्टरने. पण टेस्टर बिघडतो, बोट बिघडत नाही."

ते बोट तीन ठिकाणी भाजलेलं आहे. ते त्याने परीक्षकांना काढून दाखवू नये, एवढीच माझी इच्छा होती. उकडलेल्या बटाट्याचे गोळे वळता वळता मी प्रश्न विचारायची, आणि चिडले की गोळ्याला खळगा पाडताना अंगठा जरा जास्तच खोल जायचा. त्या तीन आठवड्यांत आम्ही भोकं पडलेले गोळे खाल्ले.

तरी हळूहळू गाडी रुळावर येत होती. घोडं अडायचं ते फक्त सदुसष्टाव्या प्रश्नावर.

आमच्याकडचे जुने वायरमन न्यूट्रलच्या तारेला शून्य म्हणतात. प्रश्न असा होता: जुन्या, दोनच तारांच्या घरात सॉकेटची अर्थिंगची पिन शून्याला जोडलेली आहे. वाटेत शून्याची तार तुटली, तर कपडे धुण्याच्या मशीनच्या पत्र्यावर काय येईल?

"पुढचा," गेरार्ड म्हणायचा.

रोज तेच. पहिल्या दिवशी वाटलं, येत नसेल. दहाव्या दिवशी वाटलं, मला छळतोय. बुधवारी, परीक्षेच्या आदल्या दुपारी, मी पुस्तक टेबलावर आपटलं.

"उद्या नेमका हाच विचारला तर? त्यांनाही पुढचा म्हणशील? उत्तर एका ओळीचं आहे."

"उत्तर मला माहीत आहे."

"मग तोंड का शिवलंयस?"

 त्याने जिन्याच्या दिशेने मान हलवली. "या जिन्यावरच्या सगळ्या घरांतले सॉकेट मी जोडलेत. शून्यालाच. तेव्हा तसंच करायचे, चालायचंही. शून्य म्हणजे काही नाही, असं आम्ही समजायचो. तार तुटली तर पूर्ण दोनशेतीस व्होल्ट पत्र्यावर येतात, हे नंतर कळलं."

"आणि कळल्यावर सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? भिंती फोडून तिसरी तार टाकावी लागते. कोण फोडू देणार?"

"आणि आपलं?"

"आपलं ठीक आहे."

मला इतका संताप आला होता की पुढे काही विचारायचं सुचलं नाही. एकवीस घरं. लोकांनी त्याला केक खाऊ घातले, नाताळला बाटल्या आणून दिल्या. मी उरलेला दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि शेवटची उजळणी बुडाली.

गुरुवारी तो दुपारी परत आला. तीन परीक्षक होते, मधल्या मॅडम आमच्या लेकीच्या, बोझेनाच्या वयाच्या. कुलूप, पाटी, टेस्टर, सगळं नीट सांगितलं म्हणाला. मग मॅडमनी शून्याचं विचारलंच. त्याने उत्तर दिलं. "असं कधी पाहिलंय का?" त्यांनी विचारलं. "पाहिलं नाही, केलंय," हा म्हणाला. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं, असं म्हणून त्यांनी सही केली.

कागद आता टेबलावर होता. नोकरी वाचली होती, आणि मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण मी त्याला कोटही काढू दिला नाही.

"आता परवाना आहे," मी म्हणाले. "चल."

पहिलं दार समोरच्या हिल्डाबाईंचं. एप्रन ओला, हात ओले, आत मशीन घरघरतंय.

"झालास का पास?" त्यांनी विचारलं.

"झालो. हिल्डाबाई, ते मशीन बंद करायचंय. आधी हात पुसा, मग मेन पाडा आणि प्लग काढा."

"का रे? तीस वर्षं काही तक्रार नाही. तूच तर जोडून दिलंस."

"मी जोडलंय, म्हणूनच सांगतोय."

आणि मग त्याने सगळं सांगितलं, उंबऱ्यात उभं राहून, अजिबात न अडखळता. हिल्डाबाई आत जाऊन आल्या. मशीनचा आवाज थांबला होता.

"तुमच्याकडेही असंच आहे?" त्यांनी विचारलं.

गेरार्डने माझ्याकडे पाहिलं. आमच्या न्हाणीघराची भिंत त्याने एकदा फोडली होती. टाइल्ससाठी, असं मला सांगितलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "आमचं मी बदललं. दोन हजार चारला, बोझेना पोटुशी होती तेव्हा."

 हिल्डाबाईंची तिन्ही नातवंडं त्यानंतर जन्मलेली, याच घरात रांगलेली.