डोळे मिटून लिहिलेला प्रोग्राम

कॉन्फरन्स रूममध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. दिवे मालवलेले, आणि लॅपटॉपपुढे डोळे मिटून बसलेला माझा मेहुणा.

"मी कोड लिहीत नाही," तो पुटपुटला. "तो माझ्यातून उतरतो."

बोटं सरसर चालली आणि डॉक्टरची अगम्य चिठ्ठी पडद्यावर स्वच्छ अक्षरांत उमटली. टाळ्या! कंपनीचे मालक तर हात जोडूनच उभे. विभागप्रमुख कोण, ते आज जाहीर व्हायचं होतं. वर्षानुवर्षं मी उघड्या डोळ्यांनी कोड लिहिला आणि खुर्ची चालली या डोळेमिट्याकडे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी बायकोचं पालुपद वेगळंच: "अहो, शिका जरा माझ्या भावाकडून!"

शिकलो. आठवडाभर त्याच्या या प्रोग्रामची बढाई ऐकून मी जळफळत इंटरनेट धुंडाळलं होतं, तेव्हा तसलाच एक प्रोग्राम सापडला. काही जणांनी मिळून लिहून तो सर्वांसाठी खुला ठेवला होता. तो मी माझ्या लॅपटॉपवर घेऊनच आलो होतो.

मुलाचं कौतुक पाहायला सासरेही आले होते. ते निवृत्त शिक्षक. त्यांनी खिशातली स्वतःची चिठ्ठी पुढे केली. पडद्यावर आलं: रोज अकरा गोळ्या.

"अरे, एकच आहे," सासरे म्हणाले. चिठ्ठीतल्या 1 शेजारची कागदाच्या घडीची रेघ प्रोग्रामने आणखी एक 1 म्हणून वाचली होती.

मी तीच चिठ्ठी माझ्या लॅपटॉपला दाखवली. अकराच!

"योगायोग, भावोजी," मेहुणा हसला. "सत्य दोघांनाही दिसतं."

"दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर दोघांनी अभ्यास केलेला असू शकतो," सासरे म्हणाले. "चूकही तीच आली, तर मला शंका येते. उघड तुझा कोड."

ओळ न् ओळ तीच होती. फक्त वरची, लिहिणाऱ्यांची नावं उडवलेली. डोळे मिटल्यावर तो नुसताच टाइप केल्यासारखं करत होता. प्रोग्राम आधीच भरलेला होता.

"अण्णा, फुकटच तर होतं!"

"फुकट होतं, बेवारस नव्हतं." सासरे म्हणाले.

त्या खुल्या प्रोग्रामबरोबरच्या परवान्याची अट साधी होती. वापरा, बदला, विकासुद्धा. पण आमची नावं ठेवा आणि विकाल तेव्हा तुमचा कोडही खुला करा. मूळ लेखकांनी हरकत घेतल्यावर मालकांना प्रोग्रामची आधीच सुरू केलेली विक्री थांबवावी लागली. नावं परत घातली, कोड खुला केला, तेव्हाच ती सुरू झाली.

खुर्ची मला मिळाली. टाळ्या मात्र मेहुण्यापेक्षा कमी पडल्या, आणि ते मला अजून सलतं. पण माझ्या पोटात दुखलं म्हणून तरी तपासणी झाली. बाकी सगळे शहाणे हात जोडून उभे होते. दर चमत्काराशेजारी एखादा जळका भावोजी असेलच असं नाही. तेव्हा हात जोडण्याआधी तुम्हीच म्हणा, "उघडून दाखव."