स्ट्रेचरचं दुसरं टोक

जिममध्ये शिरल्यावर मला सगळ्यात आधी दिसला तो माझ्या नवऱ्याचा टी-शर्ट. निळा, काखेत उसवलेला, महिन्याभरापूर्वी दोरीवरून गायब झालेला. त्याच्या आत माझी नणंद होती.

आमची बोलचाल बंद होती. सहा वर्षं. सासू गेली आणि तिच्या शिलाई मशीनवरून आमचं जे वाजलं ते वाजलंच. शेवटी नणंदेनं मशीनचं डोकं उचलून नेलं आणि मी खालचा लोखंडी स्टँड दिला नाही. पायडल माझ्याकडे, सुई तिच्याकडे. तेव्हापासून दोन्ही घरं सेफ्टी पिनांवर चालली आहेत. माघार घ्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही, आणि घराणं एकच आहे, हीच तर अडचण.

काही सांगायचं झालं तर नवऱ्यामार्फत. "तिला सांग, तुझ्या काकांना दवाखान्यात हलवलंय." "ताई म्हणते, तिला कालच कळलंय." "मग तिला सांग, कळलं होतं तर कळवायचं होतं." तो बिचारा एका हातात फोन आणि एका हातात चहाचा कप घेऊन दोन्हीकडच्या शिव्या गाळून निरोप पोचवायचा. शिव्या गाळल्यावर बरेचदा निरोपात काही उरायचंच नाही.

आता मी जिममध्ये कशाला मरायला गेले, ते सांगते.

मी हॉस्पिटलमध्ये मावशी आहे. म्हणजे पेशंट मला मावशी म्हणतात. कागदावर मी काय आहे ते दर दोन वर्षांनी बदलतं, काम बदलत नाही. बेडपॅन, चादरी, उलट्या. माणसाच्या शरीरातून जे जे बाहेर पडू शकतं ते ते मी पुसलेलं आहे. नणंदही तिथेच, बायकांच्या सर्जिकल वॉर्डात. मी पुरुषांच्या. मधे एक लांब कॉरिडॉर, आणि समोरासमोर आलो की दोघींनाही भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचायची भारी आवड.

तर एके दिवशी ऑफिसनं भिंतीवर कागद लावला. सगळ्या मावश्यांचं काम ठेकेदाराला देणार. त्याला वाटलं तर तो आपल्याला ठेवेल, नाही वाटलं तर नाही. भिंतीला रंग द्यायचा असला तर या लोकांच्या चार मीटिंगा होतात, माणसं काढायला एक कागद आणि दोन खिळे पुरतात. त्याच कागदाच्या बुडाशी लिहिलं होतं की नव्या अँब्युलन्सवर दोन बायका घ्यायच्या आहेत. कायमच्या. परीक्षा: स्ट्रेचरवर माणूस घालून वरच्या मजल्यावरून जिन्यानं खाली आणायचा, मधे कुठेही जमिनीला टेकवायचा नाही. परीक्षा जोडीनं द्यायची. जोडी आपली आपण आणायची, उंची सारखी हवी, नाहीतर पेशंट एका बाजूला घरंगळतो.

मला ती अँब्युलन्स हवी होती. पोट भरायला तर हवीच होती, पण खोटं कशाला बोलू, मला तो सायरनही हवा होता. जन्मभर मी सगळ्यांना वाट करून दिली. एकदा मला बघायचं होतं की जग बाजूला होताना कसं दिसतं.

अडचण दोन गोष्टींची. एक, माझ्या दंडात जोर नव्हता. दोन, मी बुटकी आहे. बाकीच्या बायकांनी दुपारपर्यंत आपापल्या उंचीच्या मैत्रिणी पटकावल्या. माझ्या खांद्याला खांदा लागेल अशी आख्ख्या हॉस्पिटलात एकच बाई होती. सासू आम्हा दोघींचे कपडे एकाच मापावर बेतायची, वेगळं माप घ्यायचा कंटाळा म्हणून.

मी नवऱ्याला म्हटलं, "जोर तरी करते. जोडीचं बघू मग."

"नाक्यावर जिम आहे," तो म्हणाला. "मी नाव घालून येतो." इतक्या चटकन म्हणाला तेव्हाच मला वास यायला हवा होता.

तर तो टी-शर्ट. काउंटरवरच्या मुलीनं रजिस्टर बघून आम्हा दोघींकडे गोड हसून पाहिलं. "जोडी योजनेत आहात ना तुम्ही? सरांनी दोघींचं एकत्र भरलंय. बहिणी का?"

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो. सहा वर्षांत आमचं एकमत झालेलं हे पहिलं वाक्य.

मी परतच फिरणार होते. पण नणंद जागेवरून हलली नाही आणि मी गेले असते तर मैदान तिचं झालं असतं. म्हणून थांबले. लोक जिममध्ये कशाकशासाठी टिकतात ते मला माहीत नाही. मी खुन्नस म्हणून टिकले.

आणि टिकणं सोपं नव्हतं. चारी भिंतींना आरसे. मला घरात आरसा म्हणजे कपाटाच्या दारावरचा अर्धा, त्यात मी गळ्यापर्यंत दिसते आणि तेवढी मला पुरते. इथे मी चारी बाजूंनी दिसत होते, मागूनसुद्धा. मागून मी अशी दिसते हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी एक पोरगा दर दोन मिनिटांनी शर्ट वर करून स्वतःच्या पोटाचा फोटो काढत होता. एक गृहस्थ वजन उचलताना असा ओरडायचा की आमच्या लेबर रूममधल्या बायका लाजतील. मला वाटत होतं सगळे माझ्याकडेच बघताहेत. माझी सलवार, माझ्या चपला, माझा घाम.

ट्रेनरचं नाव आम्ही बटाटा ठेवलं. खरं तर आधी मी ठेवलं, मग कळलं की तिनंही तेच ठेवलंय. दंड म्हणजे भरलेली पोती, आणि स्वभावानंही बटाट्यासारखा, कशातही मिसळणारा.

"तर मावशी, गोल काय आपला? वेट लॉस?"

"माणूस उचलायचाय," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आणि तुमचा?"

"सर, त्यांना सांगा," नणंद म्हणाली, "की तोच."

असं सुरू झालं. नवरा तिथे नव्हता म्हणून निरोप्याची जागा बटाट्याला मिळाली.

"सर, त्यांना सांगा बार वाकडा धरलाय."

"मावशी, बार वाकडा—"

"ऐकलं मी. त्यांना सांगा, बार सरळ आहे, बघणारी तिरळी आहे."

"सर, त्यांना विचारा, श्वास सोडायचा असतो हे माहीत आहे का, का तोही साठवून ठेवायचाय, स्टँडसारखा."

बटाटा घामाघूम. पहिल्या आठवड्यात त्याचंच वजन उतरलं असावं.

वळण आलं ते डेडलिफ्टच्या दिवशी. जमिनीवरचा बार गुडघे वाकवून उचलायचा. नणंद वाकली, तिनं दात आवळले, बार उचलला, आणि नेमकी गाणं संपून दुसरं लागायच्या मधल्या शांततेत तिच्याकडून आवाज झाला. बारीकसारीक नाही. चांगला लांबलचक, मधे थोडा विचार करून पुन्हा सुरू झालेला.

फोटोवाल्या पोराचा शर्ट वरच राहिला.

नणंदेनं बार हळूच खाली ठेवला, मान ताठ केली आणि म्हणाली, "सर, त्यांना सांगा, जिममध्ये जरा भान ठेवावं."

म्हणजे मी. आळ माझ्यावर. इतका निर्लज्जपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण पोटातून हसू असं उसळलं की मी डंबेलच्या मांडणीला धरून खाली बसले. ती आरशातून माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ थरथरले, मग तीही हसत सुटली. दोघी बुटक्या बायका, एकीच्या डोळ्यांतून पाणी, दुसरीच्या नाकातून. बटाटा मधे उभा. त्याला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.

त्या दिवसानंतर मला आरशांचं काही वाटेनासं झालं. याहून वाईट काय होणार होतं? आणि मी बघितलं की आमच्याकडे कुणीच बघत नव्हतं. ओरडणारा गृहस्थ स्वतःच्या मानेच्या शिरा बघत होता, पोरगा पोट. जो तो आपापल्या मांसाच्या काळजीत.

बोलणं मात्र बटाट्यामार्फतच. हसणं वेगळं, माघार वेगळी.

परीक्षेला जोडी म्हणून दोघींचं नाव कुणी घातलं ते मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण नवरा कबूल होत नाही. त्यानंतर आम्ही सगळं जोडीनं उचललं. लाकडी बाक, त्यावर वाळूची पोती, शेवटी पोत्यांच्या जागी तो फोटोवाला पोरगा. तो आडवा पडूनही फोटो काढायचा.

परीक्षेच्या दिवशी हॉस्पिटलातला रबरी पुतळा सापडला नाही. नर्सिंगच्या शाळेनं नेला होता आणि त्याचा एक पाय तिकडेच राहिला होता. मेट्रन म्हणाली, जिवंत माणूस घ्या. हाताशी होता स्टोअरकीपर. हा तोच, ज्याच्याकडे हातमोजे मागितले की तो जणू स्वतःची कातडी सोलून देतोय असा चेहरा करतो. वजन म्हणाल तर स्टोअरमधलं जे कधी वॉर्डात पोचलं नाही ते सगळं त्याच्या अंगावर होतं. आमच्या आधीच्या दोन जोड्यांनी त्याला पहिल्याच वळणावर टेकवला होता, त्यामुळे तो आधीच पांढराफटक पडला होता.

आम्ही उचलला. ती डोक्याकडे, वरच्या पायरीवर. मी पायांकडे, खाली. बटाटा नव्हता, नवरा नव्हता.

"साहेब," ती वरून म्हणाली, "तिला सांगा, सावकाश."

स्टोअरकीपरनं मान उचलून माझ्याकडे बघितलं. "सावकाश म्हणतात."

"साहेब, तिला सांगा, मी सावकाशच आहे, तिनं ढकलू नये."

"ढकलू नका म्हणतात," तो रडवेल्या आवाजात वर बोलला.

एक मजला असा उतरला. मागून मेट्रन आणि कॅज्युअल्टीचे डॉक्टर. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर माझा पाय जरासा सरकला. जरासाच. पण त्या गड्याचा धीर सुटला. त्यानं "मेलो" म्हणून दोन्ही हातांनी कठडा पकडला. स्ट्रेचर जागच्या जागी पिळलं. त्याचं सगळं वजन माझ्या डाव्या मनगटावर आलं, आणि वर तिचा तोल जाताना मला दिसला. ती सुटली असती तर तो माझ्या अंगावर, मी जिन्यावर आणि आमची दोघींची नोकरी तळमजल्यावर.

निरोप्या डोळे मिटून देवाचं नाव घेत होता.

"बस," मी ओरडले. "अगं बये, आहेस तिथंच बस. स्क्वॉट."

ती बसली. खाडकन पायरीवर बूड टेकलं, स्ट्रेचरच्या मुठी मांड्यांवर घेतल्या आणि ते तोललं. माझ्या मनगटावरचा भार हलका झाला.

"तू धरलंयस ना?" ती म्हणाली. मला. थेट.

"धरलंय."

"नक्की?"

"तुझ्या भावाची शपथ."

"त्याची नको. कुणातरी भरवशाच्या माणसाची घे."

मग ती त्याच्या कानाशी वाकली. "साहेब, कठडा सोडा. हातमोजे मागितले की हात आखडता घेता ना, तसाच आता घ्या. इतकी वर्षं सराव केलाय, आज कामाला येईल."

त्यानं एक हात सोडला. मग दुसरा.

"उठते," ती म्हणाली. "तीन म्हणू का?"

"तीन कशाला, ऊठ."

ती उठली. एवढं वजन मुठींत धरून, पाठ सरळ, गुडघ्यांवर. बटाट्यानं बघितलं असतं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. उरलेल्या सगळ्या पायऱ्यांवर आम्ही एकमेकींना इतकं बोललो की मागून मेट्रननं दोनदा "भाषा" म्हणून दटावलं.

खाली आल्यावर डॉक्टर म्हणाले, "मधे तुम्ही बसलात."

"मी बसले," नणंद म्हणाली. "स्ट्रेचर नाही बसलं. मुठी माझ्या मांड्यांवर होत्या. नियम टेकवण्याचा आहे, माझ्या बुडाचा नाही."

मेट्रननं स्टोअरकीपरला विचारलं, "जमिनीला लागलं का हो?"

तो भिंतीला धरून उभा होता. आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याच्या हातून आम्हाला काही सुटलं नव्हतं.

"नाही लागलं," तो म्हणाला. "पण मी मेल्याशिवाय मला यांच्या गाडीत घालू नका."

यादी संध्याकाळी लागली. आमच्या दोघींशिवाय तिच्यात कुणी नव्हतं.

गेटपाशी ती मला म्हणाली, "मला अगं म्हणालीस."

"म्हटलं."

"मी मोठी आहे तुझ्यापेक्षा."

"जिन्यावर मोठी-लहान नसते. वरची आणि खालची असते."

"पुढच्या वेळी खाली मी," ती म्हणाली. "आणि सायरन माझ्या बाजूला."

"स्वप्नात."

घरी नवरा दारातच उभा. कपातला चहा गार झालेला, हातात फोन. "लागली ना यादी? ताईला काही कळवायचंय का? सांगू का काही?"

"काही नको," मी म्हटलं. "तिला सांगायचं ते मी तिला सांगितलं. तुझी पोस्ट गेली."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला घरात काही कामच उरलं नव्हतं. जरा वेळ इकडून तिकडे फिरला, फोन खिशात घातला, परत काढला. मला काही बघवेना. मग मी त्याला पलंगाखालून मशीनचा स्टँड ओढून पुसायला सांगितला.

तिच्याकडे पाठवायचा म्हणून नाही. धूळ बसली होती.