नजर कमरेवर

स्टॅशने केचपच्या बाटलीला फोन टेकवून उभा केला आणि माशाचा गरम तुकडा तोंडात फिरवत म्हणाला, "आता बघा. इथेच माती खातो हा."

गस आणि वेंडेलने माना पुढे केल्या. पडद्यावर बफेलोच्या फुटबॉल संघाने नुकताच घेतलेला कॉर्नरबॅक, म्हणजे कोपऱ्यातला बचावपटू, टेरेल गेन्स, उलट्या पावलांनी मागे सरकत होता. समोरचा गडी त्याला चकवून पुढे पळायला बघत होता आणि गेन्स त्याला सावलीसारखा चिकटून होता. लांबून चेंडू आला. गेन्सने वर पाहिलंच नाही. चेंडू पोचला, दोघे एकमेकांवर आदळले आणि पंचाने नियमभंगाचा पिवळा रुमाल मैदानावर फेकला.

"बघितलंत? चेंडू टाळक्यात बसला तरी साहेबांना पत्ता नाही!"

"पण पाय बघ की त्याचे," गस म्हणाला. "चिकटतो कसा! गेल्या वर्षीचा आपला वीर आठव. त्याच्या आणि गड्याच्या मधून बर्फ काढायचा ट्रक गेला असता."

"पाय चांगले, उंची चांगली, सगळं मान्य. पण चेंडूकडे न बघता चेंडू अडवायचा म्हणजे काय? देवाचा धावा करत?"

ईस्टरआधीच्या लेंटमधला, मटण वर्ज्य असलेला शुक्रवार होता. बर्निसच्या बारमध्ये तळलेल्या माशाचा वास भरला होता आणि दाराशी ओल्या बुटांची चिखलाळ रांग लागली होती. तिन्ही टेबलांवर गेन्सचीच चर्चा चालू होती.

"वेंडेल, तू का तोंड शिवून बसलायस? बोल की."

"चांगला आहे," वेंडेल म्हणाला.

"चांगला आहे! माझी सासूही चांगली आहे. तिला उभी करू का कोपऱ्यात?"

सगळे हसले. वेंडेलही हसला आणि कोबीची कोशिंबीर काट्याने एका कडेला सारत राहिला.

हे दोघे त्याला भेटले ते तो बफेलोत राहायला आल्यावर. त्याआधी तो ईरी शहरात होता. तिथे यवेट होती आणि यवेटचा सात वर्षांचा मुलगा होता. मुलाचा बाप त्याच्या जन्माआधीच कुठेतरी निघून गेला होता. वेंडेलने यवेटशी लग्न केलं नव्हतं. दोघांनाही कधी त्याची निकड वाटली नाही. पण टेरेलचे दुधाचे दात त्याने पाडले होते, गोवर निघाला तेव्हा रात्री जागला होता, आणि संध्याकाळी लाँड्रीमागच्या रिकाम्या जागेत त्याला उलट्या पावलांनी पळायला शिकवलं होतं. स्वतः वेंडेल शाळेच्या संघापलीकडे कधी खेळला नव्हता. त्याला जेवढं येत होतं तेवढं त्याने दिलं.

"डोळे फसवतात," तो सांगायचा. "खांदे फसवतात. कंबर फसवू शकत नाही. कंबर जाईल तिकडेच माणूस जातो. नजर कमरेवर ठेव."

"आणि चेंडू?"

"चेंडूचं नंतर बघू."

ते नंतर आलं नाही. टेरेल तेरा वर्षांचा असताना यवेटला अटलांटात नोकरी लागली. तोवर दोघांमधलं बरंच काही विझलं होतं. निघताना ती म्हणाली, "त्याला तिथे रुळू दे, वेंडेल. फोन नको करूस. दर वेळी तुझा आवाज ऐकला की त्याचं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल." तिचं म्हणणं वेंडेलला पटलं. त्याने शब्द पाळला. पोराला याबद्दल काय सांगायचं, हे मात्र दोघांनीही ठरवलं नाही.

पुढे टेरेल कॉलेजकडून खेळू लागला, टीव्हीवर दिसू लागला. वेंडेल प्रत्येक सामना बघायचा, एकटाच. कुणी विचारलं असतं, हा तुझा कोण, तर काय सांगायचं?

शनिवारी मोठ्या किराणा दुकानात गेन्स चाहत्यांना भेटणार होता. स्टॅश दोघांना ओढून घेऊन गेला. निघण्याआधी वेंडेलने शर्ट बदलला, आरशात पाहिलं आणि पुन्हा पहिलाच घातला.

रांग पावांच्या मांडणीपर्यंत गेली होती. वेंडेल गसच्या मागे उभा राहिला. माणसांच्या खांद्यांवरून त्याला टेरेलचं कपाळ दिसत होतं. सही करताना तो खालचा ओठ दातात धरत होता. गृहपाठ करतानाही तसाच धरायचा.

स्टॅशचा नंबर लागला. त्याने टोपी पुढे केली आणि व्हायचं तेच झालं.

"पोरा, राग मानू नकोस, पण जरा चेंडूकडे बघत जा की!"

आजूबाजूचे हसले. टेरेलही हसला. "सगळे कोच तेच सांगून थकले, सर. नाही सुटत. लहानपणी कमरेकडे बघायला शिकवलंय."

"असला कसला कोच होता तुझा?"

"कोच नव्हते," टोपीवर सही करता करता टेरेल म्हणाला. "घरचेच होते."

वेंडेलने गसच्या खांद्याला हात लावला, दूध घ्यायचंय असं काहीतरी पुटपुटला आणि रांगेतून बाहेर पडला. दुधाच्या कपाटावरून तो तसाच पुढे गेला, दारातून बाहेर आला, गाडीत जाऊन बसला. इंजिन सुरू केलं. काच धुरकट झाली होती, ती निवळायची वाट बघत बसला. निवळली तरी निघाला नाही.

थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. स्टॅश धापा टाकत उभा होता. वेंडेलने काच खाली केली.

"अरे, पळालास काय असा? आणि तुझ्या गुडघ्याला काय झालंय?"

"का?"

"तो पोरगा विचारत होता. तू दाराकडे चाललास, तर तो उठून उभाच राहिला. हे कोण म्हणाला. मी म्हटलं, आमचा वेंडेल. तर म्हणतो, थंडीत त्यांचा गुडघा अजून धरतो का? मी म्हटलं, बाबा रे, इतकी वर्षं ओळखतो, गुडघ्याचं आम्हाला तर कधी बोलला नाही." स्टॅश खिडकीत वाकला. "त्याला कसं माहीत, वेंडेल?"

वेंडेलने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हात मात्र किल्लीवरच राहिला.

"रांग फार उरलीय का?" त्याने विचारलं.

"रांग कसली! त्याने थांबवलीय सगळ्यांना. पेन खाली ठेवून दाराकडे बघत उभा आहे."