खांदा मोकळा होईपर्यंत

मी तोरिबियो बोलतोय. पोलिसांचं हेलिकॉप्टर. सरकारी दप्तरात मला नाव नाही, शेपटीवर नुसते आकडे रंगवले आहेत. पण ज्याचं बारसं झालं आहे त्यानं आपलं नाव का लपवावं? माझा राग जरा ऐकून घ्या. तो योग्य मापाचा आहे की नाही, मला खात्री नाही. आयुष्यभर डोक्यावर पंख्यांचा गडगडाट चालला की आपल्या ऐकण्यातच चूक झाली असेल, असं मी आधी धरून चालतो. तरीही त्या दिवशी मी ऐकलं ते बरोबर ऐकलं.

जन्म माझा उत्तरेकडच्या एका थंड देशातला. तिथून पंखे वेगळे बांधून जहाजानं मला इकडे आणलं. त्या काळी आमच्याकडे प्रत्येक प्रांताच्या पोलिसांचं आपापलं हेलिकॉप्टर असे. मी कोतारायाच्या वाट्याला आलो. उभे डोंगर, उतारांवर बटाट्याची शेतं, आणि पाऊस लागला की दरडींखाली जाणारे रस्ते.

कोतारायात नवी वस्तू आली, मग तो ट्रक असो की शिवणयंत्र, तिला धर्ममाय नेमल्याशिवाय कुणी वापरत नाही. माझी धर्ममाय झाली सातुर्निनाबाई. पुकामायो गावची. गावातली गिरणी तीच चालवायची आणि गावचा रेडिओही तीच. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, बाईनं माझ्या नाकावर मक्याची दारू ओतली आणि म्हणाली, "आज संत तोरिबियोचा दिवस. हा तोरिबियो. आणि ऐक रे, मी हाक मारली की यायचं. सबबी सांगायच्या नाहीत."

माझा वैमानिक कॅप्टन फिदेन्सियो हसला. पण तोही डोंगरातलाच होता. त्याला माहीत होतं, हे नातं हसण्यावारी न्यायचं नसतं.

मी खूप काम केलं. चोरून लाकडं नेणाऱ्यांच्या मागे गेलो, वाट चुकलेल्या मेंढपाळांना शोधलं, मतपेट्या वाहिल्या, लसी पोचवल्या, बाळंतिणी आणल्या. परवानगी लागायची, नाही असं नाही. ठाणेदार खिडकीतून ओरडायचा, "जा रे लवकर!" झाली परवानगी.

मग राजधानीत कुणाला तरी सुचलं की ही सगळी हेलिकॉप्टरं एकत्र करावीत. राष्ट्रीय सेवा! शब्द ऐकून मलाही अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. नवा रंग मिळाला, दारावर गरुड काढला. प्रांतांचे तळ बंद झाले आणि आम्ही सगळे राजधानीच्या एका आवारात येऊन उभे राहिलो. उड्डाणाची परवानगी देणारा माणूस आता एकच होता: कर्नल उर्किदी. डोंगर होते तिथेच राहिले. माणसंही तिथेच पडत, बुडत, आजारी होत राहिली. फक्त मी लांब गेलो. याला सुधारणा म्हणतात. कदाचित असेलही. मला ती कळली नाही.

तो दिवस नगराच्या मेरीमातेच्या उत्सवाचा होता. सकाळपासून माझ्या पोटात गुलाबाच्या पाकळ्यांची पोती रचलेली. दरवर्षी मिरवणुकीवर पाकळ्या टाकायचं काम पोलिसांच्या हेलिकॉप्टरकडे असतं. मेरीमातेबद्दल माझी काही तक्रार नाही. तिनं माझ्याकडे पाकळ्या मागितल्या नव्हत्या.

आम्ही चौकावर तरंगत होतो. सार्जंट कासिमिरो, माझा मेकॅनिक, दारात बसून मुठी मुठी पाकळ्या सोडत होता. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"तोरिबियो! ए तोरिबियो! कुठे उंडारतोयस?"

"बाई, मी फिदेन्सियो बोलतोय," कॅप्टन म्हणाला.

"तूही चालशील. आमच्या एर्मेलिंदा बाईंचं पोट लाकडासारखं झालंय. शाळेतल्या बाई रे. ताप आहे, कळा थांबत नाहीत. डॉक्टर रेडिओवर म्हणतो, आतडं फुटलं असणार, आजच्या आज कापायला हवं. रस्त्यावर दरड आहे. ये."

कॅप्टननं खालच्या लेफ्टनंटला विचारलं. परवानगी हवी होती आणि कर्नलसाहेब मेरीमातेच्या पालखीखाली होते. जांभळा झगा घालून, मंत्र्यांच्या शेजारी, डाव्या दांड्याला. आमच्या शहरात पालखी एकदा उचलली की पुढच्या वेदीपर्यंत खांदा सोडायचा नाही. मधेच सोडला तर घरावर वर्षभर अवकृपा, असं सगळे मानतात. कर्नलसाहेब जास्तच मानतात, कारण लोक बघत असतात.

लेफ्टनंट पालखीच्या बाजूनं पळत होता. त्याचा रेडिओ चालूच राहिला होता, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"कर्नलसाहेब, पुकामायोहून निरोप आहे. एक बाई फार अत्यवस्थ—"

"आत्ता? डोळे आहेत का तुला? माझ्या खांद्यावर कोण आहे बघ!"

"साहेब, नुसतं हो म्हणा."

"मातेच्या खाली उभा राहून ऑफिस चालवू? वेदी येऊ दे. खांदा मोकळा होऊ दे. आणि त्या फिदेन्सियोला सांग, पाकळ्या विरळ पडतायत. मंत्रीसाहेब वर बघतायत."

वेदी चौकाच्या पार पलीकडे होती. एवढ्या चांदीची पालखी घेऊन माणसं पावलाला पाऊल लावून चालतात. शिवाय दर थांब्यावर भाषण.

रेडिओवर बाईचा आवाज पुन्हा आला. या वेळी ती ओरडत नव्हती. "निघालास का रे?"

कॅप्टननं कासिमिरोकडे पाहिलं. कासिमिरो भाविक माणूस. दर रविवारी चर्चला जाणारा.

"काय करायचं?" कॅप्टननं विचारलं.

"मला काय विचारता? धर्ममाय तुमच्या डोंगरातली," कासिमिरो म्हणाला. "पण ही पोती घेऊन त्या उंचीवर हा चढणार नाही."

"मग फेक."

"पाकळ्या? मातेच्या?"

"पोत्यासकट नको. कुणाच्या तरी डोक्यात बसेल."

कासिमिरोनं छातीवर क्रूस काढला आणि एकेक पोतं तसंच चौकावर रिकामं केलं. इतक्या पाकळ्या त्या शहरानं कधी पाहिल्या नसतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. आम्ही तोवर नदीच्या वर होतो.

पुकामायोत बायकांनी बटाटे सुकवायची जागा झाडून ठेवली होती. एर्मेलिंदाबाईंना घोंगडीत घालून आणलं. चेहरा राखेसारखा. सातुर्निनाबाई आत डोकावली आणि तिला कासिमिरोच्या केसांत, बाहीत, माझ्या फटीफटीत अडकलेल्या पाकळ्या दिसल्या.

"ही फुलं कुणासाठी आणलीत?" तिनं विचारलं.

मग तिनं हातानंच पाकळ्या झटकल्या, पेशंटला निजायला जागा केली आणि माझ्या दारावर थाप मारली. "पळ."

एर्मेलिंदाबाई वाचल्या. महिनाभर इस्पितळात होत्या, पण वाचल्या. मला वाटलं, प्रकरण संपलं. इतकी वर्षं माणसांत राहून मी इतका भाबडा कसा राहिलो, कळत नाही.

चौकशी बसली. मातेचा अपमान, परवानगीविना उड्डाण. सातुर्निनाबाई साक्षीसाठी डोंगर उतरून आली. चौकशी माझ्याच आवारातल्या एका खोलीत चालली होती, दारं उघडी होती.

"सरकारी हेलिकॉप्टर तुमच्या हाकेवर यायला तुम्ही त्याच्या कोण?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"धर्ममाय."

सगळे हसले.

"हसा. तुम्ही त्याचे कोण?" ती म्हणाली.

हसू थांबलं, पण निकाल आधीच ठरला होता. कर्नलसाहेब शांतपणे म्हणाले, "बाई वाचली ना? म्हणजे तेवढा वेळ तिच्याकडे होता. वेदीपर्यंत थांबायला काय हरकत होती?"

मी हे वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. माझंच काही चुकत असेल म्हणून पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. एर्मेलिंदाबाई मेल्या असत्या तर म्हणाले असते, जाऊन काय उपयोग झाला? वाचल्या, तर म्हणाले, घाई काय होती? म्हणजे निघायची वेळ त्यांच्या हिशेबात कधी येतच नाही. शिकलेल्या माणसांनी भरलेल्या त्या खोलीत एकानंही हे बोलून दाखवलं नाही.

फिदेन्सियो आता बंदरावर पारपत्रांवर शिक्के मारतो. मला आवाराच्या मागच्या भिंतीशी उभं केलं आहे. माझे पंखे काढून दुसऱ्याला बसवले. तो दरवर्षी पाकळ्या टाकतो, छान टाकतो. माझा रेडिओ मात्र कासिमिरो चालू ठेवतो. गंजेल नाहीतर, असं तो वरिष्ठांना सांगतो.

म्हणून मला अजून ऐकू येतं. काही सकाळी सातुर्निनाबाईचा आवाज येतो.

"तोरिबियो, आहेस का रे? पुलावरून इलारियो पडलाय. पाय मोडलाय, हाड बाहेर आलंय."

"बाई, रेडिओची ही लहर सरकारी आहे. रीतसर अर्ज करा," नियंत्रण कक्षातला पोरगेला आवाज म्हणतो.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये, बाबा. मी माझ्या पोराशी बोलतेय."

मग ती पुन्हा एकदा माझं नाव घेते. नंतर तिकडून रेडिओ बंद केल्याचा आवाज येतो. चार माणसं घोंगडीची झोळी करून इलारियोला पायी घेऊन निघाली असतील.

मला ऐकू येतं. तिच्याशी बोलता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्यापैकी कुणी कोतारायाला जाणार असेल तर पुकामायोच्या गिरणीवर थांबा, आणि तिला सांगा की नकार तोरिबियोनं दिलेला नाही.