एका बटणाची डबी

दुकानदाराने काचेवर चार वस्तू मांडल्या आणि त्यातल्या दोन मी तिथल्या तिथे बाजूला सारल्या. "फोन नको म्हटलं ना? आणि ह्या टॅबला कॅमेरा आहे."

"काकू, सिम घालायचंच नाही. मग तो फोन कसला?"

"ते आमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला येऊन समजावता का?"

आमचे हे मोठ्या लाँड्रीत बॉयलरवर. दवाखान्यांच्या चादरी तिथे धुवायला येतात आणि फाटलेल्या माझ्याकडे शिवायला. एकाने फोन बघता बघता यंत्रात हात घातला, तेव्हापासून सगळ्यांचे फोन फाटकावर जमा होतात. मला हवं होतं असं काहीतरी, जे खिशात मावेल, कुणाशी बोलणार नाही, फोटो काढणार नाही आणि दर अर्ध्या तासाने यांना सांगेल, उठा, पाणी बघा. शिवाय ते आमच्या ऐपतीत बसायला हवं होतं.

कारण हे विसरायला लागले होते. आधी चष्मा, किल्ली. त्यावर मी चिडून मोकळी व्हायचे. मग एकदा जेवण करून, हात धुऊन आले आणि पुन्हा वाढ म्हणाले, तेव्हा मला चिडताही आलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. राहत्या दोन खोल्याही लाँड्रीच्याच. हे वर कळलं असतं तर नोकरी गेली असती आणि डोक्यावरचं छप्परही. डॉक्टरकडे नेलं नाही, कारण डॉक्टर कागदावर लिहितो.

बॉयलरला एक काचेची नळी असते, तिच्यात आतलं पाणी दिसतं. ते खाली गेलं की पंप सुरू करायचा. नाही केला तर बॉयलर कसा फुटतो, हे यांनीच मला लग्नानंतर मोठ्या रुबाबात सांगितलं होतं. पाणी कमी झालं की वाजणारी घंटा हिवाळ्यापासून बिघडलेली होती आणि मॅनेजर रोज "उद्या बघू" म्हणायचा.

घंटेचं काम करत होत्या इस्त्रीवाल्या मावशी. त्यांचं टेबल बॉयलरच्या भिंतीला लागून, मध्ये जाळीची खिडकी. चार महिने त्या इस्त्री फिरवता फिरवता जाळीतून ओरडायच्या, "दादा, पाणी किती?" मग हे उठून बघायचे आणि सांगायचे, "अर्ध्याच्या वर." मावशींना न सांगताच सगळं कळलं होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण आवाज म्हणजे नगारा. इस्त्रीखात्यातल्या बायका त्यांच्या नकला करून हसायच्या. शिवलेल्या चादरी द्यायला गेले की ते माझ्या कानावर पडायचं आणि माझा जीव अर्धा व्हायचा. आज हसतात, उद्या विचारतील, बॉयलरवाल्याला पाण्याचं दुसऱ्याने का विचारावं लागतं?

दुकानदाराने राहिलेल्या दोन डब्या पुढे केल्या. जुना माल, पण चालू. एक जाडजूड, अंकांची बटणं असलेली. "ही वेळ झाली की थरथरते आणि पाणी किती तो आकडा घातल्याशिवाय थांबत नाही. म्हणजे जाऊन बघावंच लागतं. थोडी महाग आहे, पण तुमच्या कामाला हीच." दुसरी चपटी, हलकी, एकच मोठं बटण. थरथरली की दाबायचं, पडद्यावर खूण उमटते आणि ती गप्प होते.

हे माझ्या शेजारीच उभे होते, त्यांनी जाड डबी हातात घेतली. आकडा घातला, चुकला. पुन्हा घातला, पुन्हा चुकला. दुकानदार बघत होता.

"चपटी द्या," मी म्हटलं. "ते काही कारकून नाहीत."

खोटं कशाला बोलू, स्वस्त होती म्हणूनही घेतली. पण खरं कारण म्हणजे परक्या माणसापुढे यांचं चुकणं मला बघवेना.

घरी मी सगळ्या वेळा भरल्या. यांच्याकडून दहादा करवून घेतलं. थरथरली, काढली, दाबली, खिशात ठेवली. "जमलं की!" हे म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. दुसऱ्या दिवशी मी मावशींना कोपऱ्यात गाठलं.

"मावशी, फार उपकार झाले तुमचे. आता हाका नका मारू. आठवणीची डबी घेतलीय."

"डबी विचारते का, पाणी किती म्हणून?"

"आठवण करते. तेवढं पुरे."

"अगं, माझं काय जातंय ओरडायला?"

"तुमचं नाही जात. आमचं जातं," मी फटकन बोलले.

"बरं बाई," म्हणून मावशी टेबलाकडे वळल्या. त्यांना लागलं होतं, मला दिसलं होतं. तरी मी निघून आले.

तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी मी मशीनवर बसले होते आणि खिडकीची तावदानं हादरली. धावत गेले तर बॉयलरची खोली वाफेने भरलेली. हे अंगणातल्या नळावर पाणी प्यायला आले होते, तिथेच उभे, अंगावर ओरखडाही नाही. मावशी आत होत्या. संध्याकाळपर्यंत त्या गेल्या.

मावशींच्या शेजारच्या टेबलावरची बाई मला सांगत होती, "सकाळपासून चुळबुळ चालली होती त्यांची. पंपाचा आवाज कसा नाही आला, म्हणत होत्या. हाक मारा म्हटलं, तर म्हणाल्या, नको, बघूनच येते."

घरी आल्यावर मी यांना विचारलं, "डबी थरथरल्यावर काच बघितलीत का?"

"बटण दाबलं ना."

"अहो, पण काच?"

"एकही चुकवलं नाही. तू दाखवलंस अगदी तसंच." यांनी खिशातून डबी काढून माझ्यापुढे धरली. ओळीने सगळ्या खुणा, वेळच्या वेळी. शाबासकीची वाट बघावी तसा चेहरा. पहिले तीन दिवस जुन्या सवयीने उठून बघत असतील. चौथ्या दिवशी सवय सुटली, बटण तेवढं राहिलं. मला मोठ्याने ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडायचं?

चौकशीला मी यांच्यासोबत गेले. चौकशीला आलेल्या साहेबांनी डबी बघितली, यांची पाण्याच्या नोंदींची वही बघितली. दोन्हीकडे सगळं ठीक. मॅनेजरला घंटेचा विषय नको होता आणि मला विसरण्याचा. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो, तरी आमचं जमलं.

"मनाई असताना ही बाई आत गेलीच कशाला?" साहेबांनी विचारलं.

"तेच तर, साहेब," मॅनेजर म्हणाला. "बॉयलरच्या कुठल्या तरी चावीला हात लावला असणार."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमची ओळख होती ना? काही सांगायचंय?"

यांनी माझा पदर धरला होता, गर्दीत मूल धरतं तसा. माझ्या डोळ्यांपुढे दोन खोल्या उभ्या राहिल्या.

"नाही," मी म्हटलं.

मग तसंच लिहिलं गेलं. इस्त्रीवाली मनाईच्या खोलीत शिरली, तिच्या चुकीने अपघात झाला.

आठवड्याने मावशींची मुलगी आईचं सामान न्यायला लाँड्रीत आली आणि जाता जाता माझ्या दारात थांबली. आत हे खाटेवर बसून बुटाचे बंद बांधत होते.

"काकू, सगळे आईलाच बोल लावतात हो. ती अशी नव्हती. कुणाच्या वस्तूला कधी हात लावला नाही तिने. तुमचं तिच्याशी पटायचं, तुम्हीच सांगा. काय कारण होतं तिला तिथे जायचं?"

"कोण जाणे, बाई," मी म्हटलं.

ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.