एक्केचाळीस उरले होते

रविवारी दुपारी जेवणं आटोपून गजेंद्र पलंगावर आडवा झाला होता, तेवढ्यात देवमन दारात आला. अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंगच्या कार्यालयात गजेंद्र हिशेबनीस, देवमन तिथलाच शिपाई. वय पन्नाशीच्या पुढे. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं. त्याने फोन पुढे धरला.

"साहेब, लवकर पाहा! लावू का सोडू?"

फोनवर पोकरची स्पर्धा चालू होती. हा पत्त्यांचा खेळ देवमनला गजेंद्रनेच शिकवला होता. जेवणाच्या सुट्टीत गजेंद्र आपण जिंकलेल्या रकमा फोनवर दाखवायचा आणि सगळे डबे बाजूला सारून पाहायचे. बावीसशे रुपये भरायचे, त्याच्या चिप्स मिळतात; चिप्स संपल्या की माणूस बाद. शेवटच्या चाळिसांत जो टिकला त्याला पैसे, त्याआधी बाद झालेल्यांना काहीच नाही. आता एक्केचाळीस जण उरले होते.

देवमनकडे चिप्स थोड्याच होत्या. हातात गुलामाची जोडी होती. समोरच्या एकाने सगळं लावलं होतं. पडद्यावर उलटे आकडे पळत होते: अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर...

"पत्ते चांगले आहेत," गजेंद्र उठून बसला. "पैशाच्या रेषेजवळ सगळे भेतात. जो भेत नाही तो पुढे जाते."

"म्हणजे लावू?"

"थांबा, देवमनभाऊ. हरले तर शून्य. सोडलं तर कदाचित दुसरा कोणी बाद होईन, तुमाले चव्वेचाळीसशे भेटतीन."

"म्हणजे सोडू?"

"पण सोडत सोडत गेलं तरी थोड्या चिप्स भराव्याच लागतात, त्या आपोआप झिजतात..."

"अवो, एक काहीतरी सांगा ना!"

गजेंद्रला सांगता येईना. स्वतःचा डाव असता तर त्याने डोळे मिटून लावलं असतं. मग आज जीभ का अडतेय? पत्ते तेच, आकडे तेच.

"देवमनभाऊ, हे बावीसशे कोठचे?"

देवमनने मान खाली घातली. "पोरीचे, प्रणालीचे. उद्या अमरावतीले तिच्या नर्सिंगच्या वसतिगृहाचे पैसे भराचे हायेत. दोन हजार कमी पडत व्हते. म्हटलं, तुमाले भेटते तसं..."

आतून गजेंद्रची आई दुर्गाबाई बाहेर आली. तिची अर्धी हयात परतवाड्याच्या बाजारात भाजी विकण्यात गेली होती.

"काय चालून राहिलं रे गज्या? पोरीच्या पैशाचा जुगार खेळून राहिले का?"

"माय, जरा थांब. एकवीस सेकंद राहिले."

"मंग एकवीस सेकंदांत ऐक. हर्रासीत मी वांगे घेऊन उभी राहो. ज्या बाईले गावी जायची गाडी पकडाची राहे, ते पहिल्याच बोलीले माल देऊन मोकळी होये. व्यापारी तिचा चेहराच वाचे. ह्या माणसाचा चेहरा पाह्य! याले आता काय समजणार हाये लावाचं का सोडाचं?"

चार. तीन.

"सोडा!" गजेंद्र ओरडला.

देवमनने सोडलं. त्याच वेळी टेबलावरच्या आणखी एकाने सगळं लावलं. दोघांचे पत्ते उघडे झाले. एकाकडे एक्का आणि दश्शी, दुसऱ्याकडे अठ्ठ्यांची जोडी. मधल्या, सगळ्यांना सामाईक असलेल्या पाच पानांत एक्का आला, आणि पाठोपाठ गुलाम! अठ्ठेवाला बाद झाला. चाळीस उरले. देवमनचे चव्वेचाळीसशे पक्के झाले.

"भेटले!" देवमनने गजेंद्रचा हात धरला. पण दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा उतरला. "साहेब, पण गुलाम आला. माह्याजवळ तीन गुलाम झाले असते. दोघायचंही आपल्याकडे आलं असतं. लावाले पाह्यजे व्हतं का?"

पुढच्या दोन डावांत त्याच्या उरलेल्या चिप्स गेल्या. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. तो त्या गुलामावरच अडला होता.

"पुढच्या रविवारी मोठ्या स्पर्धेत बसतो," तो म्हणाला. "आता समजलं मले."

गजेंद्र गडबडला. सल्ला बरोबर ठरला होता. पैसे दुप्पट झाले होते. पण हा माणूस हरला असता तर कदाचित आजच सुटला असता! जिंकला म्हणून अडकला, आणि त्याला इथवर आणून सोडणारे आपणच.

"काय समजलं तुले?" दुर्गाबाई देवमनला म्हणाली. "मले तर एवढंच दिसते बाप्पा, ज्याले हे पैसे लागतात त्याले हा खेळ नीट खेळता येत नाही. अन् ज्याले नीट खेळता येते त्याले हे पैसे लागत नाहीत."

"पण साहेब तं जिंकतात, काकू."

गजेंद्रची बायको आरती चहाचे कप घेऊन दारातच थांबली होती. गजेंद्रने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःचा फोन उघडला आणि आजवर कधीच न दाखवलेली यादी देवमनसमोर धरली.

"चौदा महिने खेळतो मी. एकसष्ट स्पर्धा. पैसे मिळाले सात वेळा."

"सात?"

"सगळं धरून त्र्याऐंशी हजार गेले."

आरतीने कप खाली ठेवले. "अन् मले सांगत होते, कार्यालयानं पगारवाढ थांबवली म्हणून!"

"मंग आमाले काहून नाई सांगितलं?" देवमनचा आवाज चढला. आजवर तो साहेबांशी असा बोलला नव्हता. "रोज जेवताना जिंकल्याचं दाखवत व्हते. हरलेला एक डाव तरी दाखवाचा व्हता!"

"लाज वाटत होती, देवमनभाऊ."

"तुमच्या लाजेपायी माह्या पोरीचे पैसे गेले असते, साहेब."

गजेंद्रने देवमनला पैसे खात्यात कसे वळते करायचे ते दाखवलं. पैसे आल्याचा संदेश पाहून देवमनने खेळ फोनवरून काढून टाकला. गजेंद्रनेही काढला. त्याला मात्र बराच वेळ लागला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत गजेंद्रने ती यादी वरपासून खालपर्यंत सगळ्यांना वाचून दाखवली. एक जण हसला. दोघांनी जेवण अर्धवट टाकलं. त्या दोघांच्या याद्याही तशाच होत्या. देवमन त्या दिवशी रजेवर होता. तो प्रणालीला घेऊन अमरावतीला गेला होता.

ही गोष्ट २०२४च्या जुलैतली. पुढच्या वर्षी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली. ती आली हे बरं झालं. पण वाचकहो, आपल्यातली एक सवय कोणत्याच कायद्यात बसत नाही. आपण जिंकल्याचं चारचौघांत सांगतो आणि हरल्याचं उशाखाली ठेवतो. ऐकणारा त्या अर्ध्या खऱ्यावर आपल्या लेकराचे पैसे लावून मोकळा होतो. म्हणून आपल्या शब्दावर कोणी काही डावावर लावणार असेल, तर त्याला आपली हार आधी सांगा, जीत नंतर!